ब्रेक कुर्ल्याचे, गाद्या आपापल्या

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करायची म्हटलं, की बहुतेक लोक दोनच ठिकाणांहून सुरुवात करतात. सीट आणि ब्रेक. कारण अगदी साधं आहे. इंजिन उतरवायला चेनब्लॉक लागतो, पत्र्याच्या कामाला वेल्डर लागतो, रंगाला धूळ नसलेली जागा लागते. सीट मात्र चार-सहा बोल्टवर बसलेली असते, आणि ब्रेकपर्यंत पोचायला जॅक, स्टँड आणि चाकाचा पाना पुरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या संशयी नजरेखाली, शनिवार-रविवारी जमण्यासारखं काम एवढंच :-)

पण गाडी फियाट किंवा पद्मिनी असेल, तर या दोन गोष्टी उघडल्यावर दोन अगदी वेगळे इतिहास बाहेर पडतात. ब्रेकचा ड्रम काढला की दिल्लीतली मंत्रालयं दिसायला लागतात, आणि सीट उलटी केली की गाडीचा मालक दिसतो. ऐकायला जरा विचित्र वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद हे अजब रसायन होतं. जहाजं, विमानं आणि मोटारी, तिन्ही इथेच बनल्या पाहिजेत असा त्यांचा ध्यास. सिंदिया स्टीम नेव्हिगेशन (१९१९) आणि बंगळूरची हिंदुस्तान एअरक्राफ्ट (१९४०) यांच्यानंतर १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला आणि करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी. स्वातंत्र्याच्या आसपास तिथून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या जुळून बाहेर पडू लागल्या. पुढे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि १९५४ पासून आपल्याकडे आली फियाट ११००. इटालियन नाव 'मिलेचेंतो', म्हणजे अकराशे. आपल्या लोकांनी तिच्या गोलमटोल अंगाकडे बघून ठेवलेलं नाव 'डुक्कर फियाट'. (नाव ठेवण्यात आपला हात कोण धरणार!)

याच काळात सरकारचं धोरण बदललं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सुचवलं, की नुसती जुळणी नको, इथे टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवण्याची योजना असेल त्यांनीच धंदा करावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या मैदानात मुख्यतः तीन नावं उरली: कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.

१९६४ मध्ये प्रीमियरने फियाट ११०० डी बाजारात आणली, तीच आपली 'डिलाईट'. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचं नाव गेलं आणि थोडे दिवस ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली. १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. नावं तीन, गाडी मात्र एकच. २००० सालच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत तिचा सांगाडा तोच राहिला.

आता तिकडे इटलीत काय झालं ते बघा. ११०० डी तिथे १९६२ मध्ये आली आणि १९६६ मध्ये संपली. तिच्या जागी आली ११०० आर, आणि तिला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. १९६९ मध्ये तीही गेली आणि फियाट १२८ आली. म्हणजे ज्या गाडीला तिच्या माहेरी चार वर्षांत ड्रम ब्रेक अपुरे वाटायला लागले, तीच गाडी आपण चारही चाकांना ड्रम लावून पुढे तीस-पस्तीस वर्षं चालवली. शेवटच्या काळात बकेट सीट, खाली जमिनीवरचा गिअर असे काही बदल झाले. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य पद्मिनी ड्रमवरच जगल्या आणि ड्रमवरच भंगारात गेल्या.

कंपनी आळशी होती म्हणून? इतकं सोपं नाही ते. नवीन भाग बनवायचा तर नवीन यंत्रं हवीत, यंत्रं आणायला परकीय चलन हवं आणि चलनाला परवाना हवा. मोटार ही सरकारदरबारी चैनीची वस्तू, त्यामुळे त्या रांगेत ती कायम शेवटी. त्यात १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीवर नियंत्रण आदेश काढला. प्रीमियर त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली आणि १९७१ मध्ये त्याचा निकाल लागला. गाडीची योग्य किंमत किती, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सोडवावा लागत होता! दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत उभं. आता सांगा, जी गाडी बनवण्याआधीच विकली गेलीये आणि जिची किंमत वाढवायला परवानगी नाही, तिचे ब्रेक सुधारायला कोण पैसे घालेल? आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. चालतंय ना, मग हात लावू नका.

याच बंद दारामुळे एक चांगली गोष्टही झाली. भाग बाहेरून आणता येत नव्हते, म्हणून ते इथे बनायला लागले. टीव्हीएस आणि इंग्लंडची लुकास-गर्लिंग यांची ब्रेक्स इंडिया १९६२ मध्ये मद्रासला सुरू झाली, राणे ब्रेक लायनिंग १९६४ मध्ये. आणि गाडी इतकी वर्षं बदललीच नाही, म्हणून पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आसपास चक्कर मारली तर तिचे पुष्कळसे भाग आजही मिळतात. ज्या कारणामुळे गाडी मागास राहिली, त्याच कारणामुळे ती आज घरी दुरुस्त करता येते. दर चार वर्षांनी बदलणाऱ्या गाडीचा छंद पार्किंगमध्ये करून बघा म्हणजे कळेल.

आता थोडं ब्रेकबद्दल. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. ते ऑइल नळ्यांतून चारही चाकांच्या व्हील सिलिंडरमध्ये जातं आणि तिथले दट्टे ब्रेक शू बाहेर ढकलतात. शूवर चिकटवलेलं लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतं आणि गाडी थांबते. चाकांना असा हायड्रॉलिक ब्रेक लावण्याची कल्पना माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. १९२१ च्या ड्यूसेनबर्गला तो चारही चाकांना होता. अडचण एकच होती, सिलिंडर गळायचे. ती दूर केली क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी. त्यांनी कातडी सील काढून रबराचे कप बसवले आणि १९२४ च्या क्रायस्लर गाडीत ते आले. योगायोग बघा, कुर्ल्याच्या कारखान्याचा पहिला करार याच क्रायस्लरशी होता. आजही व्हील सिलिंडर उघडला की आतून निघतो तो रबरी कप, आणि दुकानात 'किट द्या' म्हटलं की मुख्यतः तोच पुडीत मिळतो. अजून एक मजा. त्या काळातलं ब्रेक ऑइल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण असायचं. लहानपणी जे नाक दाबून प्यायला लावायचे, तेच एरंडेल.

ड्रम ब्रेक वाईट असतात असं नाही. ते बंद डब्यासारखे, त्यामुळे चिखल आणि धूळ आत कमी जाते. शिवाय चाकाच्या फिरण्यामुळे शू ड्रममध्ये आणखी घट्ट ओढला जातो, म्हणून बूस्टर नसतानाही पायाला फार जोर लागत नाही. जेमतेम ४० हॉर्सपॉवरच्या गाडीला शहरात हे पुरत होतं. घोडं अडतं उष्णतेपाशी. चार माणसं धरून १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. हे एका थांबण्याचं. आता खंडाळ्याहून खोपोलीला उतरा. उंचीतला फरक साडेचारशे मीटर धरला, तरी गणित १८ वेळा ८० वरून शून्यावर येण्याइतकं होतं. यातली काही उष्णता इंजिन आणि हवा खातात, बाकी सगळी ब्रेकमध्ये. डिस्क उघड्या हवेत असते, तिला वारा लागतो. ड्रममध्ये उष्णता कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे जुन्या ड्रायव्हरांचं वाक्य आपल्याला म्हातारपणाचा सावधपणा वाटतं. प्रत्यक्षात ते या ड्रमचं शुद्ध भौतिकशास्त्र आहे.

त्यात जुन्या फियाटमध्ये ब्रेकचं सर्किट एकच. अमेरिकेत १९६८ पासून नव्या गाड्यांना दोन वेगळी सर्किटं सक्तीची झाली, म्हणजे एक गळलं तर दुसरं दोन चाकं तरी धरतं. इथे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. मग हातात हँडब्रेक, गिअर आणि देवाचं नाव.

ब्रेकचा इतिहास हा असा वरून खाली आलेला. धोरण ठरलं दिल्लीत, त्याप्रमाणे भाग बनले कुर्ल्यात आणि मद्रासमध्ये, आणि मालकाच्या हातात राहिलं फक्त लायनर बदलणं. सीटचं बरोबर उलटं झालं. तिथे कुणाचा परवाना लागत नव्हता.

कंपनीतून डिलाईट यायची ती पुढे सलग बाकासारखी सीट घेऊन. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे मधेसुद्धा एक जण मावायचा. आत स्प्रिंगा, त्यावर भरण, वरून रेक्झिन. हा 'रेक्झिन' शब्द आपण इतका सर्रास वापरतो की तो एका कंपनीच्या मालाचं नाव होतं हे कुणाला आठवत नाही. इंग्लंडात मँचेस्टरजवळ हाइड गावात रेक्झिन नावाची कंपनी होती. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन ती नकली कातडं बनवायची. पुढे सगळीकडे पीव्हीसी आलं आणि ते मूळ रेक्झिन मागे पडलं. आपल्याकडे मात्र शब्द राहिला, आणि आज सीटवाल्याच्या दुकानात जे रेक्झिन म्हणून मिळतं ते पीव्हीसी असतं.

गाडी घरी आली की मालकाचं राज्य सुरू. उन्हात रेक्झिनवर पाठ चिकटते म्हणून टर्किश टॉवेलची कव्हरं. मग मखमल. मग लाकडी मण्यांची जाळी. डॅशबोर्डवर गणपती, मागच्या काचेशी कुशन, पंखा, कॅसेट प्लेअर. गाडीचे ब्रेक, इंजिन, रंगाच्या दोन-चार छटा सगळ्यांच्या सारख्याच, पण आत डोकावलं की कुणाची गाडी ते लगेच कळायचं. टॅक्सीवाल्यांनी तर यात कमाल केली. छताला फुलाफुलांचं कापड, दारांना रंगीत रेक्झिन, मीटरशेजारी फोटो आणि हार. बारा-बारा तास जिथे काढायचे ती जागा माणूस सजवणारच. २०१५ मध्ये मुंबईत 'टॅक्सी फॅब्रिक' नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात तरुण डिझायनरांनी टॅक्सीच्या सीटसाठी आणि छतासाठी खास कापडं तयार केली. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, मीही केलं. पण टॅक्सीवाले हे त्याआधी कितीतरी वर्षं आपल्या खर्चाने करत होते, हेही लक्षात ठेवायला हवं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी संपली. तिच्याबरोबर ती छतंही गेली.

हे सगळं आठवायचं कारण, एका मित्राच्या वडिलांची १९७२ ची डिलाईट. गेले काही महिने आम्ही दोघं शनिवार-रविवारी तिच्या मागे लागलो आहोत. पुढची सीट बाहेर काढून उसवली तर वरून खाली तीन थर निघाले. पहिलं टॉवेलचं कव्हर, त्याखाली मरून रंगाचं रेक्झिन, आणि त्याखाली मूळ फिकट पिवळसर रेक्झिन, जागोजागी तडकलेलं. आत चेपलेला काथ्या आणि तीन तुटलेल्या स्प्रिंगा. काकांनी बघितल्याबरोबर सांगितलं, मरून रंग हिच्या जन्माच्या वर्षी केला. 'हिच्या' म्हणजे मित्राच्या ताईच्या.

आता प्रश्न असा, की मूळ म्हणजे काय? इंटरनेटवरचे रिस्टोरेशनवाले सांगतात, कारखान्यातून आली तशी करा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम काढले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी बसते. २०,००० रुपये भरून नवी नोंदणी करता येते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. (पण मग ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.) त्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी असं म्हटलंय, आणि कशाकशात बदल नको ते सांगताना नाव घेतलंय चॅसिस, बॉडी आणि इंजिनचं. सीट आणि ब्रेकचा त्या यादीत उल्लेखच नाही! म्हणजे आम्ही ज्या दोन गोष्टी हातात घेतल्यात, त्यांचा निर्णय बराचसा आमच्यावरच सोडलेला आहे.

आम्ही ठरवलं ते असं. सीटचा मरून रंग ठेवायचा. स्प्रिंगा आणि काथ्या नवे, रेक्झिन नवं, पण रंग मरूनच, आणि आडव्या शिवणीसुद्धा त्याच मापाच्या. जुन्या पिवळसर रेक्झिनचा एक तुकडा सीटच्या खालच्या बाजूला तसाच शिवून ठेवणार. कुर्ल्याच्या कारखान्यात गाडीची जेमतेम पहिली पानं लिहिली गेली, पुढची चाळीस या घराने लिहिलीत. ती पुसून पहिल्या पानावर परत जाणं मला तरी इतिहास वाटत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र असलं प्रेम चालत नाही. तिथे जुनं म्हणून काहीही ठेवायचं नाही. रबरी कप, होज पाइप, लायनर सगळं नवं. लोखंडी नळ्या आतून गंजलेल्या असू शकतात आणि बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्याही नव्या. मास्टर सिलिंडर आतून ओरखडलेला असेल तर सरळ बदलायचा. ड्रम लेथवर फिरवून आधीच पातळ झालेला असेल, तर तो भंगारात. आणि एक गोष्ट जरा मोठ्या आवाजात सांगतो. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकायची नाही आणि हवेच्या नळीने उडवायचीही नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधल्या किती पोऱ्यांनी ही धूळ आयुष्यभर तोंडाने फुंकून उडवली असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

ब्रेक ऑइलही पूर्ण नवं घालायचं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. कोकणातले दोन-तीन पावसाळे आणि मग एक लांब घाट, एवढं पुरतं. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. सगळं जोडून झाल्यावर एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी एअर काढायची, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पेडल एक मिनिट जोरात दाबून धरायचं. हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे, गाडी हलवायची नाही. हे कधी केलं नसेल, तर रस्त्यावर काढण्याआधी एकदा जुन्या मेकॅनिककडून तपासून घ्या. यात कमीपणा काही नाही.

डिस्क का बसवत नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. बसवणारे लोक आहेत. पण त्यासाठी हब, चाकं, मास्टर सिलिंडर असं एकातून एक वाढत जातं, आणि ते सगळं गणित पार्किंगमध्ये जुळवण्याइतका आत्मविश्वास आम्हा दोघांत नाही. आम्ही नीट केलेले ड्रम ठेवतोय आणि बदल गाडी चालवण्यात करतोय. ताशी साठच्या वर नाही, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर, एक्सप्रेसवे नाही आणि घाटात खालचा गिअर. १९७२ चे ब्रेक हवे असतील तर १९७२ चा वेगही स्वीकारायला लागतो.

कुर्ल्याला ती प्रीमियर आता नाही. कारखान्याच्या जागेवर इमारती आल्या, प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलं. आमचं मागच्या डाव्या चाकाचं काम बाकी आहे, ते बहुधा पुढच्या शनिवारी होईल. टॉवेलच्या कव्हरचं काय करायचं यावर मात्र त्या घरात अजून एकमत नाही. काकूंनी ते धुऊन, घडी घालून ठेवलंय.